ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा आणि मिरजेतला फोमचा तुकडा

तारांचा हा सेट मी गेल्या वर्षी गणपती उठल्यावर बास गिटारवर चढवला. आता अकरा महिने होत आले. मधे एकदाही उतरवला नाही, पुसलासुद्धा नाही. इतक्या उशिरा लिहायचं कारण असं, की फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा पहिल्या आठवड्यात जशा वाजतात तशा त्या नसतात. लोणचं घातल्या दिवशी खाऊन कुणी चव सांगत नाही.

सेट ला बेला कंपनीचा, ०७६०एम. चार तारा: ०.०५२, ०.०७३, ०.०९५ आणि ०.११० इंच. ज्यांच्या बासवर नेहमीचा ०.०४५ ते ०.१०५ चा राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेला) सेट आहे त्यांनी हा फरक किरकोळ समजू नये. सगळ्यात बारीक, म्हणजे जी ची तारच बघा. पंचेचाळीसची बावन्न होते. डाव्या हाताला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. किंमत साध्या राउंडवाउंड सेटच्या दुपटीहून जास्त पडली. तरीही घ्याव्यात का? माझं उत्तर हो आहे, पण ते कुणासाठी हो आणि कुणासाठी नाही, हे नीट सांगायला जागा लागेल.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर सौदे, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या. रात्री बास. १९९१ पासून ऑर्केस्ट्रात वाजवतो, जुनी हिंदी-मराठी गाणी. बास फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा आहे, पुण्याहून सेकंडहँड आणलेला, एकच पिकअप (तारांची कंपनं विजेत पकडणारा भाग).

या तारांचा ध्यास मात्र त्याहून जुना. १९८५ च्या दिवाळीत मामा पुण्याहून एक कॅसेट घेऊन आले. अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीची, साठच्या दशकातली गाणी. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं. पण टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ लागलं की मी टू-इन-वनच्या स्पीकरला कान लावून बसायचो. १९६४ चं गाणं. सुरुवातीला बासचे तीन ठोके, थोडी जागा, पुन्हा तेच तीन. मग गिटार येते. त्या तीन ठोक्यांत एक गोलाई होती, आणि प्रत्येक सूर संपायचा तिथे नीट संपायचा, रेंगाळायचा नाही. मी बास हे वाद्य धरलं ते त्या तीन ठोक्यांमुळे.

कॅसेटच्या कागदावर गायकांची नावं होती, वाजवणाऱ्यांची नव्हती. तो बास जेम्स जेमर्सनचा, हे मला पंधरा-वीस वर्षांनी कळलं. मोटाऊनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. जेमर्सनचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. तोवर दहा वर्षं हा माणूस रोज त्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरातल्या स्टुडिओत बसून वाजवत होता. १९८३ मध्ये तो गेला. त्याच्या थोडं आधी त्याचा बासही चोरीला गेला होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांसाठी दालन उघडलं ते २००० साली, आणि पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. मला हे वाचून बरं वाटण्यापेक्षा वाईटच जास्त वाटलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पंचमदांच्या गाण्यांतला बास आम्ही वर्षानुवर्षं उचलून वाजवला, पण टोनी वाझ हे नाव कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

जेमर्सनचा बास १९६२ चा फेंडर प्रिसिजन. तारा ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड, याच मापाच्या. तुटल्याशिवाय तो तारा बदलत नसे. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा, तिला लोक ‘हूक’ म्हणायचे. आधी डबल बास वाजवत असल्यामुळे मोकळ्या तारा सढळ हाताने वापरायचा. आणि ब्रिजवरच्या, म्हणजे बासच्या घोडीवरच्या, पत्र्याच्या झाकणाखाली फोम होता. हे फोमचं प्रकरण मी बरीच वर्षं सोडून दिलं होतं. तार, पिकअप, टोनचं फिरवायचं बटण, सगळं केलं आणि फोम तेवढा विसरलो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तारांबद्दल थोडं, कारण आमच्या ऑर्केस्ट्रातली नवी पोरंसुद्धा विचारतात. पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळली की राउंडवाउंड, चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅटवाउंड. राउंडवाउंडवर बोट फिरवलं तर स्क्रूच्या आट्यांवरून फिरवल्यासारखं लागतं, आणि सरकताना चर्र आवाज येतो. फ्लॅटवाउंड सायकलच्या स्पोकसारखी गुळगुळीत. वरच्या पट्टीचे झणझणीत स्वर तिच्यात कमी आणि लवकर विरणारे, खालचा मूळ सूर भरलेला. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बाजारात आणला तेव्हापासून पंधराएक वर्षं बहुतेक सगळ्यांच्या बासवर अशाच तारा होत्या. झणझणीत राउंडवाउंड पसरल्या त्या १९६६ नंतर, इंग्लंडच्या रोटोसाउंडमुळे, आणि त्यात द हू बँडच्या जॉन एन्टविसलचा मोठा वाटा. म्हणजे आपण ज्याला आज ‘जुना आवाज’ म्हणतो तो त्या लोकांनी हौसेनं निवडलेला नव्हता. जी तार मिळत होती ती लावली आणि उरलेलं सगळं बोटांनी केलं.

आता खरेदी. पहिल्यांदा ऑनलाइन मागवला तेव्हा विक्रेत्याने शॉर्ट स्केलचा सेट पाठवला. पाकीट मी घाईत फोडलं आणि ई ची, म्हणजे सगळ्यात जाड तार चढवल्यावर कळलं, की जाड वेटोळं नटपर्यंत (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिथपर्यंत) पोचतच नाही. पाकीट फोडलंय म्हणून परत घेईनात. तीन आठवडे फोन केले, शेवटी अर्धे पैसे मिळाले. तुम्ही मागवाल तेव्हा आधी घरी फूटपट्टी घेऊन नटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर मोजा. ३४ इंच भरलं तर लाँग स्केल, आणि पाकिटावर तसं लिहिलेलं बघूनच फोडा.

दुसरा सेट बरोबर आला, पण माझ्या बासच्या नटच्या खाचा पंचेचाळीसच्या तारेसाठी कापलेल्या. नवी तार खाचेत बसेना, वरच राहिली. ज्याच्या हाताला बारीक कानशीची सवय आहे असा माणूस हवा होता. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. म्हणून बास खांद्याला लावून सतारमेकर गल्लीत गेलो.

ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी इथे तंतुवाद्यं बनवायला घेतली. आजही भोपळे वाळत टांगलेले दिसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी ज्या चाचांकडे गेलो त्यांनी विजेचा बास आयुष्यात हातात घेतला नव्हता. त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, ई ची जाड तार छेडली आणि कान थेट लाकडाला लावला.

“ही तार गुणगुणत नाही,” म्हणाले. “आमच्याकडं असा तंबोरा आणला असता तर जवारी गेली म्हटलं असतं.” जवारी म्हणजे तंबोऱ्याची ती झंकारणारी गुणगुण.

“चाचा, मला अजून कमी पायजे.”

“अजून कमी?” त्यांनी चष्मा वर केला. “दिवाणजी, माणसं जवारी खोलायला येत्यात. तुम्ही मिटवायला आलायसा.”

मी मोबाइलवर ते गाणं लावलं. छोट्या स्पीकरवर. त्यांनी तीनदा ऐकलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग म्हणाले, “सूर पुरा हाय. शेपूट कापलंय फक्त.” चाळीस वर्षं मी ज्याला शब्द शोधत होतो तो त्यांनी तिसऱ्या ऐकण्यात दिला.

नटच्या खाचा त्यांनी अर्ध्या तासात रुंद केल्या. कानस दोनदा चालवायची, तार बसवून बघायची, पुन्हा काढायची. नंतर फोम. मी घरून भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा नेला होता. तो ब्रिजजवळ तारांखाली सरकवला तर सूरच गेला, पाटावर थापटल्यासारखं थप वाजायला लागलं. चाचांनी तो काढून बाजूला टाकला आणि तंबोऱ्याच्या जुन्या गवसणीतला मऊ फोम आणला. सुरीनं तो उतरता कापला, ई च्या तारेखाली जाड, जी कडे पातळ. मग जे केलं ते मी विसरणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतात, ज्याला जीव म्हणतात, आणि तो केसभर मागे-पुढे सरकवत आवाज उघडेपर्यंत थांबतात. चाचांनी फोमचा तुकडा तस्साच सरकवला. एका बोटानं तार छेडायची, दुसऱ्यानं फोम केसभर पुढे. ब्रिजला चिकटलेला असताना काहीच फरक नाही. थोडा पुढे आल्यावर सूर आखडला. मग केसभर मागे, आणि तिथे तो एकदम गोल झाला. आधी वाजला तेवढाच भरीव, पण क्षणभर थांबून शांत होणारा. चाचांनी पेन्सिलीनं ब्रिजवर खूण केली. ती खूण अजून आहे.

यात गूढ काही नाही. तारेच्या टोकाशी मऊ वस्तू टेकली की वरच्या पट्टीची कंपनं आधी मरतात, मूळ सूर जरा टिकतो आणि सुराचं एकूण आयुष्य कमी होतं. त्यामुळे पुढच्या ठोक्याआधी जागा मोकळी होते आणि तिथे ड्रमचा किक स्वच्छ ऐकू येतो. फेंडर तर तेव्हा ब्रिजच्या झाकणात हे मऊ अस्तर घालूनच बास विकत असे. लोकांनी पुढे ती झाकणं काढून टाकली.

आवाज. पहिले दोन महिने तारा नव्या असल्यामुळे थोडी धातूची खणखण होती, टोनचं बटण निम्म्यावर आणून वाजवत होतो. दिवाळीनंतर ती गेली. आता बटण तीन चतुर्थांश उघडं ठेवतो. फक्त तर्जनीनं, पिकअपच्या जरा पुढे वाजवलं की १९६७ च्या ‘बर्नाडेट’मधल्यासारखा बोलका, थोडा गुरगुरणारा सूर निघतो. ‘बोलका’ हाच शब्द बरोबर आहे. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक लहानसं व्यंजन असतं, म्हणून भराभर वाजवलेल्या जागाही गिचमिड होत नाहीत.

माझा अँप्लिफायर २०१९ च्या महापुरात गेला. आमचं घर गावभागात. बास माळ्यावर होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी डीआय बॉक्समधून (बास मिक्सरला जोडायची छोटी डबी) थेट मिक्सरमध्ये वाजवतो. बरीच वर्षं याची खंत होती. मग समजलं की मोटाऊनमध्येही बास आणि गिटारी अँप्लिफायरसमोर माइक न लावता थेट कन्सोलमध्येच घेत असत. राउंडवाउंड तारा अशा थेट जोडल्या की कोरड्या आणि बोचऱ्या वाजायच्या. या तारा थेट जोडूनच सगळ्यात छान वाजतात. अँप नसलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरा प्रयोग कॅरॉल केचा. या बाई लॉस एंजेलिसच्या, मुळात जॅझ गिटार वाजवणाऱ्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही म्हणून त्यांनी बास उचलला आणि पुढे तोच धंदा झाला. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’वर त्यांचा बास आहे. त्या प्रिसिजनच वाजवायच्या, तारा फ्लॅटवाउंडच, पण कडक पिकने (तार छेडायच्या पातीने), आणि तारांच्या वरून ब्रिजजवळ फेल्टचा तुकडा ठेवून. मी हार्मोनियमवाल्याकडून बनातीचा तुकडा आणला, दुमडून तारांवर चिकटवला, खालचा फोम काढला. खरंच सांगतो, तारा त्याच, हात तोच, पण बास दुसरा झाला. सुराच्या सुरुवातीला टक् असा स्वच्छ कण, मागोमाग गोलाई. यामागे व्यवहार होता. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. ट्रान्झिस्टरच्या मुठीएवढ्या स्पीकरला तो झेपत नाही. त्याला ऐकू येतं ते त्या वरच्या पट्टीतलं, आणि कान मूळ सूर मनानं भरून घेतो. पिकचा तो टक् नसता तर गाडीतल्या रेडिओवर बास हरवला असता. चाचांना मी गाणं ऐकवलं तेही मोबाइलच्या स्पीकरवरच, आणि त्यांना बास दिसला.

त्या काळच्या अमेरिकेतल्या स्टुडिओवाल्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे एकाच गाण्यात दोन-दोन बास. नॅन्सी सिनात्राच्या १९६६ मध्ये गाजलेल्या बुटांच्या गाण्यात वरून खाली घसरत येणारा सूर चक बर्गहोफरच्या डबल बासचा आहे, आणि त्याच्या जोडीला कॅरॉल केचा विजेचा बास. नॅशव्हिलमध्ये डबल बासच्याच ओळीवर सहा तारांचा विजेचा बास पिकने, तळहातानं दाबून वाजवायचे. त्याला टिक-टॅक म्हणत. आमच्या गिटारवाल्या पोराला मी सांगितलं, माझी ओळ खालच्या तारेवर दाबून वाजव. तालमीला ढोलकीवाले काका मान वर करून बघायला लागले. आता आम्ही दोन गाण्यांत ते कायम ठेवलंय.

तिसरा प्रयोग फसला. जो ऑस्बर्नचा आवाज. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’चा बासवाला. तोही फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं न बदलणारा, पिकने वाजवणारा, पण त्याचा बास १९६० चा जॅझ बास, दोन पिकअपचा. ब्रिजजवळच्या पिकअपशिवाय तो उजळ, गाण्यात पुढे येणारा आवाज मिळत नाही. म्हणजे तारा बदलून सगळं येतं असं समजू नका. तसंच बीटल्सच्या मॅकार्टनीचा हॉफनर बास. तो ३० इंची, पोकळ अंगाचा. ३४ इंची बासवर तो आवाज फोमनं थोडा जवळ येतो, पोचत नाही. त्यातून ‘पेपरबॅक रायटर’ला तर बास हॉफनर नव्हे, रिकनबॅकर होता, आणि त्यांच्या इंजिनिअरांनी बासच्या स्पीकरसमोर दुसरा मोठा स्पीकर ठेवून तोच माइक म्हणून वापरला होता. तिथे तारेचा काय दोष?

आता अडचणी. या तारांचा ताण जबरदस्त आहे. तीन आठवडे डाव्या मनगटाला रोज रात्री तेल लावत होतो. बासची मान पुढे वाकली. मानेच्या आतला लोखंडी रॉड पाव फेरा आवळला, एक दिवस थांबलो, आणखी थोडा आवळला. घाईत अर्धा फेरा फिरवू नका, आणि ज्यांच्या बासचा रॉड आधीच शेवटाला आलाय त्यांनी हा सेट लावूच नये. त्यांच्यासाठी हलक्या मापाच्या फ्लॅटवाउंड मिळतात. ब्रिजवरचे सॅडलही (तारा टेकायचे ठोकळे) पुन्हा जुळवावे लागले, नाहीतर बाराव्या पडद्यावर सूर चढा लागत होता.

आणि गाणी. अंगठ्यानं तार आपटून वाजवायची असेल तर या तारा निरुपयोगी. गणपतीत मंडळं नवी, नाचायची गाणी मागतात. मोठे सबवूफर लावलेले असतात आणि तिथे लांब, सलग वाजणारा बास लागतो. त्या कार्यक्रमांना मी फोम काढून खिशात ठेवतो. नुसत्या तारा लावून काम भागतं, पण राउंडवाउंडवाला तिथे माझ्यापुढे जाईल हे मान्य. घरी एकट्यानं सराव करतानाही हा आवाज बापुडवाणा वाटतो. पहिल्या आठवड्यात मी दोनदा काढून टाकायला निघालो होतो. त्याला सोबत लागते. ढोलक, टाळ्या, गिटार, गायक आले की त्याची जागा त्याला सापडते.

ती जागा मी ऐकली ती मार्चमध्ये, भावे नाट्यमंदिरात. साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. हळदीचा हंगाम जोरात, मी यार्डातून साडेसहाला थेट तिथे. साउंड चेकला मी सवयीनं ते तीन ठोके वाजवले. हॉल रिकामा होता. सूर शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि थांबला. मिक्सरवरचा मुलगा एरवी माझ्या चॅनेलचा बास कापून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्यात बुडतं. त्या दिवशी त्याने बटणाला हात लावला, थोडं ऐकलं आणि हात काढून घेतला. कार्यक्रमभर माझं चॅनेल तसंच सरळ होतं. आमच्या गायिका ताई मध्यंतरात म्हणाल्या, “आज मला सुरासाठी तुमच्याकडे बघावं लागलं नाही.” तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

जुनी गाणी, भावगीतं, गझल, चर्चमधली गाणी, कुठेही जिथे बासनं गायकाच्या खाली उभं राहायचं आहे, तिथे या तारा घ्या आणि वर्षभर काढू नका. महिन्याला सेट बदलायची सवय असेल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. फोम मात्र कुणीही घाला, तार कुठलीही असू दे. त्याला खर्च नाही.

चाचांनी फोमचे पैसे घेतले नाहीत, फक्त नटचे घेतले. तो तुकडा आता जरा बसलाय, ई च्या तारेखाली खड्डा पडलाय. दसऱ्यानंतर बास घेऊन ये म्हणालेत. त्याच गवसणीतला आणखी एक पट्टा त्यांनी बाजूला काढून ठेवलाय.